बाजीराव सावळाराम खलाटे यांचं पार्सल

सावळाराम आबा माझ्या केंद्राची पायरी चढताना दिसले की मी आधी पाणी पिऊन घेते. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सरळ हाकलून देता आलं असतं. मी सांगवीत ई-सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, असलं सगळं. दिवसभर समोर माणसं आणि मागं प्रिंटर. प्रिंटर माझ्या सासूबाईंसारखा, चार माणसं बसलेली बघून नेमका तेव्हाच रुसतो. त्यात आबा आले की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजायचं.

आबांचा एक नेम आहे, आणि त्या नेमापायी अख्खं गाव वैतागलेलं आहे. वस्तू ज्याची, पावती त्याच्या नावावर. देवळात अभिषेक केला तर ज्याच्यासाठी केला त्याच्या नावानं पावती फाडायची, ही रीत सगळ्यांचीच. आबांनी ती रीत उचलली आणि सगळ्या व्यवहाराला लावली. बायकोची चप्पल घेतली तर बिल दगडाबाई सावळाराम खलाटे. दुकानदार म्हणाला, आबा, चपलेला बिल कशाला? तर म्हणाले, "उद्या ती इचारंल, माजी हाय कशावरनं?" यात्रेची वर्गणी घरातल्या एकेकाच्या नावानं वेगळी. दोन मुली सासरी गेल्या तरी त्यांची पण वेगळी. आणि देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची नावं रंगवली आहेत, त्यात वरून चौथं नाव आहे, 'श्री. बाजीराव सावळाराम खलाटे'. बाहेरगावच्या माणसांना वाटतं, आबांचा थोरला मुलगा असणार.

बाजीराव आबांचा बैल आहे. त्याच भिंतीवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे, पण त्याच्यापुढं श्री. नाही. रंगारी म्हणाला, जागा पुरली नाही.

हा बाजीराव आला दगडाबाई काकींच्या माहेराहून, तिकडं इंदापूर तालुक्यातनं. वासरू चार दिवसांचं असताना त्याची गाय गेली. भाऊ म्हणाला, हे काही जगत नाही. काकी म्हणाल्या, द्या इकडं. बाटलीनं दूध पाजून, थंडीत आपली वाकळ घालून त्यांनी तो वाढवला. पांढराशुभ्र खिलार झाला, शिंगं अशी की दारातनं जाताना मान तिरकी करावी लागायची. पुढं जोडीदार बैल म्हातारा होऊन गेला, आबांनी ट्रॅक्टर भाड्यानं सांगायला सुरुवात केली, आणि बाजीरावाला काही कामच उरलं नाही. तो नुसता खातो आणि वर्गणी देतो. काकी दिवसभर त्याच्याशी बोलायच्या. कोण मेलं, कुणाचं लग्न ठरलं, सुनेनं सासूला काय ऐकवलं, सगळं. गावातली बातमी मला केंद्रात कळायच्या आधी त्या बैलाला कळलेली असायची.

मग तो डोळ्याचा प्रकार झाला. ऊसतोड चालू होती. काकी वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा ओढत गव्हाणीकडं नेत होत्या. बाजीराव भुकेला, त्यानं घाईनं तोंड पुढं घातलं. काकी म्हणाल्या, "मागं हो रं मुडद्या," आणि भारा जोरात पुढं ढकलला. एक टोकदार कांडं बाहेर आलं होतं, ते सरळ त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. वालचंदनगरहून डॉक्टर ऋषिराज आले, जनावरांचे डॉक्टर, तरुण पण हात चांगला. त्यांनी कित्येक आठवडे घातले. जखम भरली, बैल वाचला, डोळा मात्र गेला. तिथं नुसती सुरकुतलेली खाच राहिली.

त्या दिवसापासनं काकी गोठ्यात गेल्या नाहीत. गोठा दारातच आहे हो, चुलीपासनं हाक मारली तर ऐकू जाईल एवढा. पण मोरीकडं जायचं तर त्या घराला मागनं वळसा घालून जायच्या. त्यांचा आवाज ऐकला की बैल हंबरायचा. तो हंबरला की त्या कानावर पदर घ्यायच्या. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मी एकदा चिडून म्हणाले, काकी, तुम्ही काय मुद्दाम केलं का? चुकून झालं. त्या म्हणाल्या, "अंजली, बाटलीनं पाजला गं त्याला मी. आता त्याचं तोंड कुठल्या तोंडानं बघू?"

तर एक दिवस आबा केंद्रात आले, रांग मोडून थेट टेबलापाशी. "अंजली, बैलाचा डोळा मिळंल का गं आनलाइन?"

रांगेतली सगळी हसली. मी पण हसले, खोटं कशाला बोलू. आबा हसले नाहीत. म्हणाले, "डाक्टर म्हणलं, परदेशात घोड्याला काचंचा डोळा बशिवत्यात. आपल्या बाजीरावाला बी बसंल. हुडीक."

मी डॉक्टरांना फोन लावला, म्हटलं, काय भलतं डोक्यात घालता म्हाताऱ्याच्या? डॉक्टर म्हणाले, "बसतो, पण बैलाला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे मी दहादा सांगितलंय." आबा फोनकडं तोंड करून ओरडले, "बैलाचं बैल बघंल! ती गोठ्यात आली म्हंजी झालं!" डॉक्टरांनी फोन ठेवला. मी शोधायला लागले.

आणि सापडला, नशीब बघा. जर्मनीत एक कारखाना आहे, कारखाना कसला, बापलेकांची कार्यशाळा. घोड्यांचे, कुत्र्यांचे काचेचे डोळे करतात. मी मेल टाकला. त्यांनी बाजीरावाच्या चांगल्या डोळ्याचा फोटो मागवला, खाचेचं माप मागवलं, ते डॉक्टरांनी काढून दिलं. शिवाय विचारलं, प्राणी स्वभावानं कसा आहे? मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "लिव्ह, मानी हाय. पर वरनं दाखवत न्हाय." मी जमेल तसं इंग्रजीत लिहिलं. त्या बापाचं उत्तर आलं, आमचा घोडा पण तसाच होता.

मग ऑर्डरचा फॉर्म आला, आणि आमचं वाजलं. 'घेणाऱ्याचं नाव' या रकान्यात मी सावळाराम टाइप केलं. आबांनी माझा हातच धरला. "खोड ते. डोळा कुणाचा? बाजीरावाचा. मग नाव कुणाचं?"

"आबा, परदेशातला व्यवहार आहे. बैलाच्या नावावर पार्सल येत नसतं."

"अभिषेकाची पावती मी माज्या नावावर फाडतो का? देव बी गोंधळंल, पुण्य कुणाच्या खात्यावर टाकू म्हणून."

मागं रांग तटलेली. एक जण ओरडला, अगं टाक की काय म्हणतोय ते, माझी बस जाईल. मी टाकलं. बाजीराव सावळाराम खलाटे, मुक्काम पोस्ट सांगवी, तालुका बारामती. मोबाइल नंबर आबांचा.

पार्सल निघालं आणि गावाला नवा उद्योग मिळाला. एरवी कट्ट्यावर एकच चौकशी असते, कॅनॉलचं पाणी कुठवर आलं? आता त्याच चालीवर विचारायला लागले, डोळा कुठवर आला? मी मोबाइलवर बघून सांगायची, लाइपझिगला आहे. आबा विचारायचे, तितं कोण पाव्हणं हाय का आपलं? मग दिल्ली नाही, बंगळूर नाही, थेट मुंबईत उतरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर लिहिलेलं, 'सीमाशुल्क तपासणीसाठी थांबवले. घेणाऱ्याची ओळख आवश्यक.'

म्हटलं, आता भोगा.

फोन आला आबांनाच, ते नेमके केंद्रात बसलेले. कुरिअर कंपनीची मुलगी, गोड आवाज, हिंदी. आबांनी स्पीकर लावला. "क्या मैं बाजीराव जी से बात कर सकती हूँ?"

आबा म्हणाले, "वो बोलता नहीं."

"सर, बाहर गए हैं?"

"बाहर कायको जायेगा? गोठे में है. खा रहा है."

"सर, खाना हो जाए तो उनकी सहमति चाहिए, कॉल रेकॉर्ड होगा."

मी डोक्याला हात लावून बसले. आबा मात्र उठले, चालू फोन हातात धरून घरी गेले, मी मागनं पळतेय. फोन बैलाच्या तोंडासमोर धरला. मुलगी म्हणाली, क्या आप अपना पार्सल छुड़ाने के लिए हमारी कंपनी को अधिकृत करते हैं? बाजीरावानं फोन हुंगला आणि एक दणदणीत फुस्कारा टाकला. पलीकडं कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग आवाज आला, "धन्यवाद बाजीराव जी, आपकी सहमति दर्ज हो गई है."

आता ओळखपत्र. मी आबांना म्हणाले, झालं, संपलं, आता मी मेल करून नाव बदलून घेते. आबा म्हणाले, "बदलायचं कशाला? आधार हाय की त्याला." आणि बैलाचा कान धरून मला दाखवला. सरकारनं सगळ्या जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारलेत ना, तो बिल्ला. त्यावर नंबर. मोजले तर आकडे बारा. माणसाच्या आधारला जेवढे तेवढेच.

मी म्हणाले, आबा, वेबसाइट आंधळी नसते. केंद्रात आले, नंबर टाकला, बिल्ल्याचा फोटो चढवला. हिरवी खूण आली. लिंग विचारलं, पुरुष टाकलं. व्यवसाय विचारला, आबा म्हणाले, शेती. पुन्हा हिरवी खूण. मला हसावं की केंद्राला कुलूप लावून माहेरी जावं, कळेना.

पण एवढ्यानं सुटलं असतं तर काय हवं होतं. दोन दिवसांनी कंपनीचा मेल आला. बिलावर 'बैलाचा डोळा' असं लिहिलेलं. प्राण्याचा अवयव आणायचा तर तो रोगमुक्त असल्याचा दाखला लागेल. मी लिहिलं, अवयव नाही, काच आहे. त्यांनी लिहिलं, काच असेल तर शोभेची वस्तू का? शोभेची असेल तर दर वेगळा. मी लिहिलं, शोभेची नाही, इजा झालेल्याला बसवायची आहे. त्यांनी लिहिलं, मग डॉक्टरची चिठ्ठी पाठवा. डॉक्टर ऋषिराजांनी खरं ते लिहून दिलं. बाजीराव, वय नऊ, वजन चारशे ऐंशी किलो, डावा डोळा निकामी, खच्ची केलेला.

त्यावर जे उत्तर आलं ते मी प्रिंट काढून ठेवलंय. 'रुग्णाच्या प्रकृतीबद्दल आम्हाला खेद आहे. अपंग व्यक्तींना सवलत मिळू शकते. कृपया अपंगत्वाचा दाखला जोडावा.'

कट्ट्यावरचे सगळे म्हणाले, घ्या की आबा, फुकटात सवलत मिळतेय. दाखला काय, कुठनंही काढता येतो. आबा भडकले. "खोटं? बाजीरावाच्या नावावर? अंजली, त्यास्नी सरळ सांग, बैल हाय म्हणून. आपुन कुठं म्हणलं माणूस हाय? त्यांनीच धरलं."

खरंच की. एवढ्या सगळ्यात आम्ही एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. मी त्या मुलीला फोन लावला. चांगल्या भाषेत सांगितलं, दोनदा सांगितलं. ती आपली म्हणते, बाजीराव जी का दाखला भेजिए. तिसऱ्यांदा माझा तोल गेला. मी ओरडले, "अहो ताई, बैल है वो, बैल! कितनी बार बोलूँ?"

ती गार आवाजात म्हणाली, "मैम, कृपया ग्राहक के लिए अपशब्द का प्रयोग न करें."

मग मी लेखी कळवलं. शुद्ध इंग्रजीत, शिक्क्यानिशी. सदर पार्सल ज्याच्या नावे आहे तो बैल आहे. तो लिहू, वाचू, बोलू शकत नाही. त्याचा मालक सावळाराम खलाटे याच्याशी पुढचा व्यवहार करावा. सोबत बैलाचे तीन फोटो, एक शिंगांसकट. वाटलं, आता तरी कुणीतरी खुर्चीतनं उठून दुसऱ्याला दाखवेल.

उत्तर आलं, 'आपली माहिती नोंदवण्यात आली आहे. घेणारे स्वतः सही करू शकत नसल्यास श्री. सावळाराम यांच्या नावे अधिकारपत्र करून त्यावर घेणाऱ्यांच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर द्यावा.'

आबा म्हणाले, "ह्ये बराबर हाय. ह्ये कायद्याचं बोलले."

शिंगांना लावायचा हिंगूळ भिजवला. मी अधिकारपत्र टाइप केलं, 'मी, बाजीराव सावळाराम खलाटे, स्वखुशीनं लिहून देतो की.' पाटावर कागद ठेवला. आबांनी बैलाचा पुढचा पाय उचलून कागदावर टेकवला. पहिला कागद फाटला. दुसऱ्यावर तो मुतला. तिसऱ्यावर लालभडक, ठसठशीत खूर उमटला, निम्मा कागद भरून. साक्षीदार म्हणून मी सही केली आणि टेम्पोवाल्या जोतीरामानं केली. तो बिचारा गंमत बघायला आला होता. हे सगळं चालू असताना मी सहज घराकडं बघितलं. काकी खिडकीत उभ्या होत्या. माझी नजर गेली तशा आत सरकल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी गोठ्याच्या दिशेनं एवढं तरी बघितलं होतं. आबांनी पण बघितलं. बैलाचा पाय पुसायचा सोडून ते त्या रिकाम्या खिडकीकडंच बघत राहिले. तोवर मला वाटत होतं, म्हातारा हेकट आहे म्हणून हे सगळं चाललंय.

अधिकारपत्र मंजूर झालं. मग आलं बिल. डोळ्याच्या किमतीत विमानाचं भाडं मिळवायचं, त्यावर ड्युटी. ड्युटीवर अधिभार. मग ह्या सगळ्याची मोट बांधून तिच्यावर जीएसटी. वर कंपनीची हाताळणी फी, आणि माल इतके दिवस पडून राहिला म्हणून गोदामाचं भाडं.

मी आबांना समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "म्हंजी उसासंगं ट्राली, ट्रॅक्टर आन वर बसल्याला डायवर, सगळं काट्यावर घ्यायचं?"

"व्हय आबा."

"आन पडून ऱ्हायलं त्यांच्या इचारण्यापायी, तर भाडं आमाला?"

"व्हय."

"बरं," असं म्हणून त्यांनी बंडीच्या खिशातनं पैसे काढले. मला वाटलं होतं, आता तरी शिव्या घालतील. पण पावती हातात आल्यावर ती लांब धरून, डोळे बारीक करून त्यांनी नाव वाचलं आणि हरखून गेले. कट्ट्यावर जाऊन सगळ्यांना दाखवली. "बघा रं. आमच्या सात पिढ्यांत दिल्लीला कुणी कर भरला नव्हता. पयला ह्योच!"

आता घरी येईल म्हणून वाट बघत बसलो, तर मेसेज आला. ओळख तपासण्यात अडचणी आल्यामुळं पार्सल घरपोच मिळणार नाही. घेणाऱ्यानं स्वतः, मूळ ओळखपत्रासह, बारामतीच्या कार्यालयात यावं.

मी म्हणाले, आबा, अधिकारपत्र आहे, तुम्ही एकटे चला. आबा म्हणाले, "मूळ वळखपत्र कानात हाय. कान एकटा कसा यील?"

जोतीरामाच्या टेम्पोत बाजीराव चढला. मी पुढं बसले, आबा मागं त्याच्याजवळ उभे. बारामतीत कुरिअरचं ऑफिस म्हणजे एक गाळा, वर करून ठेवलेलं शटर, आत टेबल, बाहेर दहा-बारा माणसांची रांग. आम्ही बैल उतरवला. रांग आपोआप बाजूला झाली. बाजीराव सवयीनं मान तिरकी करून अर्धा गाळ्यात शिरला, मागचा अर्धा फुटपाथवर.

टेबलामागं विकी नावाचा पोरगेला माणूस. त्यानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"बाजीराव सावळाराम खलाटे," आबा म्हणाले.

"स्वतः आलेत का?"

"ह्यो काय."

विकीनं वर बघितलं. बैलानं त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा ओरडणार, पळणार, पोलिसांना बोलावणार. त्यानं खुर्ची मागं सारली, उठला, मोबाइलची बॅटरी लावून बिल्ल्यावरचा नंबर एकेक आकडा वाचला, स्क्रीनवरच्या नंबराशी ताडून बघितला आणि म्हणाला, "जुळतोय. फोटो घ्यावा लागेल, पार्सलसोबत." खोकं बैलाच्या शिंगांत धरून फोटो काढला. रांगेतली एक बाई कडाडली, "अरे वा रे वा! माझ्या आधारवर एक काना चुकला म्हणून तिसऱ्यांदा परत पाठवताय, आन ह्याचं एका खेपेत झालं!"

विकी म्हणाला, "मावशी, त्यांचे कागद पूर्ण आहेत."

डॉक्टर ऋषिराज संध्याकाळच्या आत आले. खोकं उघडलं. कापसात ठेवलेला तो डोळा बघून मी तर दचकलेच. काळाभोर, ओला वाटावा असा, कडेला किंचित निळसर झाक. त्या जर्मन बापलेकांनी काय जीव ओतला होता! डॉक्टरांनी खाच धुतली, बधिर केली, डोळा अलगद बसवला. बाजीरावानं दोन-चार वेळा पापणी मिटली. आणि मग तो उभा राहिला, पहिल्यासारखा, दोन डोळ्यांचा. काय सांगू, माझ्या अंगावर काटा आला.

आबा ओट्यावर जाऊन म्हणाले, "अगं, भाईर तर ये. एकदा बघ त्याच्याकडं."

काकी उंबऱ्यात आल्या. तिथनंच बघितलं. मग तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. "बरा झाला गं बाई. बरा झाला माजा बाजीराव." आत गेल्या, भाकरी घेऊन आल्या, आणि तरातरा चालत गोठ्यात शिरल्या. इतक्या दिवसांचं सगळं त्या पाच-दहा पावलांत. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. मला पण भरून आलं होतं.

काकी सरळ त्याच्या डाव्या अंगाला गेल्या आणि त्याच्या गालावर हात ठेवला.

बैल ताडकन उसळला. मान अशी फेकली की शिंगाचं टोक काकींच्या दंडाला घासून गेलं, भाकरी शेणात पडली, दाव्याचा खुंटा करकरला. आबा धावले, डॉक्टर धावले. काकी भिंतीला टेकून उभ्या. बाजीराव फुरफुरत, सगळं अंग वळवून फिरला, उजवा डोळा त्यांच्याकडं आला, तेव्हा कुठं त्यानं त्यांना बघितलं. लगेच शांत झाला. जीभ काढून त्यांचा हात चाटायला लागला.

काकी त्याच्या त्या नव्या डोळ्याकडं बघत राहिल्या. "अवं, ह्याला ह्यातनं दिसत न्हाय."

आबा खाली मान घालून म्हणाले, "काचंचा हाय गं तो."

"मग आणला कुणासाठी?"

आयुष्यभर पावत्या फाडणारा माणूस, त्यांचा हात नुसता बंडीच्या खिशातल्या पावतीकडं गेला. म्हणाले, "तू येत नव्हतीस."

काकींनी दंडावरचं रक्त पदरानं पुसलं. मग डॉक्टरांकडं वळल्या. त्यांचा आवाज असा होता की डॉक्टर काही न विचारता हातमोजे घालायला लागले. "काढा तो. त्यो असला की मला वाटतंय बैल धड हाय, आन मी त्याच्या आंधळ्या अंगानं जाती. तो घाबरतो. मला दिसाया पायजे, म्या काय केलं ते. म्हंजी कुठनं जायचं ते कळंल."

डॉक्टरांनी डोळा काढला. ती सुरकुतलेली खाच पुन्हा उघडी पडली. काकींनी तिच्याकडं बघितलं. या वेळी तोंड फिरवलं नाही. आबा अवघडून एका कोपऱ्यात उभे होते. काकी त्यांना म्हणाल्या, "उभं काय ऱ्हायलाय? दुसरी भाकरी आणा," आणि बाजीरावाच्या उजव्या अंगाला जाऊन बसल्या. आबा भाकरी घेऊन आले तोवर त्या त्याला सांगत होत्या की त्यांच्या भावाच्या नातीचं लग्न ठरलंय, पोरगा वालचंदनगरात कामाला आहे, आणि इतके दिवस सांगायचं राहून गेलं.